चिनी वैद्यकातलं यकृत म्हणजे आपलं यकृत नव्हे

रानजाई (धागाकर्ती)

दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौला राहायला येऊन मला पाच वर्षं झाली. पहिल्याच उन्हाळ्यात लीचीचा हंगाम होता आणि मी घरच्या आंब्यासारखी लीची खात सुटले होते. तिसऱ्या दिवशी तोंड आलं, घसा धरला. शेजारच्या आजींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यीत-हेय!" मंदारिनमध्ये यालाच शांग-हुओ म्हणतात, म्हणजे अंगात आग वर चढली. हाताला धरून त्यांनी मला कोपऱ्यावरच्या लिआंग-छाच्या दुकानात नेलं आणि कडूजहर काळा काढा समोर उभं राहून प्यायला लावला. शब्दशः अर्थ 'थंड चहा', पण प्यायचा गरमच. थंडपणा तापमानात नाही, गुणात आहे. इकडे म्हणच आहे, लीचीचा एक घास म्हणजे आगीच्या तीन मशाली.

मला एकदम माझी आजी आठवली. "आंबा उष्ण पडतो, वरून वाटीभर दूध घे." भाषा वेगळी, सूर तोच. तेव्हापासून हे लोक शरीराकडे कसं पाहतात याची ओढ लागली. मागच्या वर्षी पायाभूत सिद्धांतांच्या वर्गात नाव घातलं, बारा शनिवार. मी वैद्य नाही, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जे कळलं ते इथे मांडते आहे. उपचार सांगण्यासाठी हा धागा नाही.

पहिल्या चार शनिवारी मी पार गोंधळलेली होते. "यकृत रक्त साठवतं", "प्लीहा अन्नाचं रूपांतर करते", "मूत्रपिंडं हाडांवर राज्य करतात" अशी वाक्यं येत होती आणि प्रत्येक वाक्याला माझ्यातली विज्ञानाची बाई हात वर करून हरकत घेत होती. पाचव्या शनिवारी शिक्षिकेने एक जुना उतारा वाचायला दिला आणि माझं कुलूप उघडलं.

उतारा 'हुआंगदी नेइजिंग'मधला होता. हा या वैद्यकाचा मूळ ग्रंथ. पीतसम्राट प्रश्न विचारतो आणि छी-पो नावाचा वैद्य उत्तरं देतो, असा संवाद. सम्राट पुराणातला, पण ग्रंथ हान काळाच्या आसपास, इसवी सनाच्या आधीच्या एक-दोन शतकांत आकाराला आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे दोन भाग, 'सू-वन' आणि 'लिंग-शू', प्रत्येकी 81 प्रकरणांचे. सू-वनच्या आठव्या प्रकरणात सम्राट विचारतो, शरीरातल्या बारा अवयवांमध्ये मोठा कोण, धाकटा कोण? छी-पो उत्तरादाखल अख्खा दरबार उभा करतो. हृदय राजा, जाणीव तिथे नांदते. फुप्फुसं प्रधान. यकृत सेनापती, लढाईचे बेत त्याचे. पित्ताशय निःपक्षपाती अधिकारी, निर्णय त्याचा. प्लीहा आणि जठर मिळून कोठार सांभाळतात. आणि 'सान-च्याव', म्हणजे तीन शेगड्या, हे पाटबंधारे खातं. पाणी कुठून कुठे जायचं ते हे खातं बघतं.

आपण अष्टप्रधान मंडळ शिकलो ना शाळेत? पेशवा, अमात्य, सरनोबत ही पदांची नावं. पदावर बसलेला माणूस किती उंच होता हे त्यातून कळत नाही, कळायचं कारणही नाही. इथले अवयव तसेच आहेत. चिनी वैद्य 'कान' (यकृताचा चिनी शब्द) म्हणतो तेव्हा बरगड्यांखालचा मांसाचा गोळा हा त्यातला थोडा भाग असतो. बाकी सगळं पद असतं: 'ची' मोकळी वाहू देणं, रक्त राखणं, डोळ्यांना आणि स्नायुबंधांना पोसणं, रागाला जागा देणं. सान-च्याव तर असं पद आहे की त्याला शरीरात अवयवच नाही. 'नान-जिंग' या पुढच्या ग्रंथात स्पष्टच म्हटलंय की याला नाव आहे, आकार नाही. अवयव फक्त शवविच्छेदनातून ठरवले असते, तर ही ओळ कुणी लिहिली नसती.

हे एकदा मनात बसलं की बाकीचं भराभर लागतं.

यिन आणि यांग हे मुळात डोंगराचे दोन उतार, सावलीचा आणि उन्हाचा. एकच डोंगर, पण सकाळी जो उतार उन्हात तो संध्याकाळी सावलीत. म्हणून कुठलीच वस्तू कायमची यिन किंवा कायमची यांग नसते, कशाच्या तुलनेत ते आधी सांगावं लागतं. छाती पाठीच्या तुलनेत यिन, पोटाच्या तुलनेत यांग. स्त्री-पुरुष, वाईट-चांगलं अशी जी सरधोपट विभागणी आपल्याकडे फिरते तिने या कल्पनेचा जीवच जातो.

मग 'वू-शिंग'. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. याला पंचमहाभूतं म्हणायचा मोह मलाही झाला होता. पण यात वायू नाही, आकाश नाही, आणि 'शिंग' या अक्षराचा अर्थ मुळात चालणं. वस्तू कशाची बनली हा प्रश्नच नाही, ती आत्ता कुठल्या चालीत आहे हा आहे. लाकूड म्हणजे वसंतात कोंब फुटावा तशी वर-बाहेर जाणारी चाल. प्रत्येकाशी ऋतू, चव, रंग, भावना, अवयव जोडलेले: लाकडाशी वसंत, आंबट, हिरवा, राग, यकृत. पाण्याशी हिवाळा, खारट, काळा, भीती, मूत्रपिंडं. पाचांची पूर्ण यादी देत नाही, ती पाठ करून काही हाती लागत नाही.

हाती लागतात ते संबंध. लाकूड अग्नीला जन्म देतं, अग्नी मातीला, असं चक्र पुढे जातं. दुसरं चक्र आवरण्याचं: लाकूड मातीला आवरतं, माती पाण्याला. हे आवरणं प्रमाणाबाहेर गेलं की रोग. वर्गात दिलेलं उदाहरण असं: माणूस महिनाभर राग गिळतोय आणि आता जेवण पचत नाही, पोट फुगतं. वैद्य म्हणेल, लाकूड मातीवर चालून गेलं, म्हणजे यकृताने प्लीहेला चेपलं. तो पोटासोबत रागाकडेही बघेल. नान-जिंगमध्ये याच्या पुढची पायरी आहे: यकृत बिघडलेलं दिसलं की पुढचा वार प्लीहेवर आहे हे ओळखून तिला आधीच बळ द्यावं. सरनोबत बिथरला की कोठाराचा पहारा आधी वाढवायचा.

आणि शेवटी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, 'बियान-चंग'. रोगाच्या नावापेक्षा लक्षणांची ठेवण ओळखणं. साधा सर्दी-ताप घ्या. इसवी सन 200 नंतरच्या काही वर्षांत चांग चोंगजिंग या वैद्याने लिहिलेला ग्रंथ थंडीने येणाऱ्या तापांवर आहे. त्यात ताप आहे, वारा सोसत नाही आणि घाम येतोय, तर क्वेइ-चीचा काढा: दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, आलं आणि त्यांची लाल बोरं. ताप आहे, थंडी वाजतेय पण घाम येत नाही, तर काढा वेगळा, त्यात मा-हुआंग ही वनस्पती येते. दोन्ही रोग्यांना आपण 'सर्दी' म्हणू. क्वेइ-चीच्या काढ्याबरोबरच्या सूचना वाचून तर मी वर्गात चक्क हसले, आनंदाने. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यावी, पांघरूण घ्यावं, अंगाला हलका घाम सुटू द्यावा, पण घामाच्या धारा लागू देऊ नयेत. अठराशे वर्षांपूर्वीचा हेनानकडचा माणूस मला पेज प्यायला सांगत होता!

विचारा, भर घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

शब्दवेडा

रानजाई, अष्टप्रधानांची तुलना फार नेमकी. एक विचारतो. तुम्ही 'ची' मध्येच वापरलीत आणि पुढे गेलात. आपल्याकडे तिला सरसकट 'ऊर्जा' किंवा 'प्राणशक्ती' म्हणतात. यातलं बरोबर कुठलं?

रानजाई

शब्दवेडा, हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं आणि मी तो जरा टाळलाच होता. मूळ उच्चार 'छी'कडे झुकतो, पण मराठीत त्याला भलताच अर्थ आहे म्हणून मी 'ची' लिहिते (वैद्याच्या नावातला 'छी' हा निराळाच शब्द). जुन्या पद्धतीच्या अक्षरात वर वाफ आणि खाली तांदूळ आहे. भाताच्या पातेल्याचं झाकण उचलल्यावर जे वर येतं, ते डोळ्यांपुढे आणा. दिसतंही, नाहीही, आणि पोट भरण्याशी त्याचं नातं आहे. हवामानाच्या चिनी शब्दातही हीच ची आहे, रागावण्याच्या शब्दातही.

'ऊर्जा' हे भाषांतर विसाव्या शतकातलं. फ्रेंच मुत्सद्दी जॉर्ज सुलिए द मोराँ यांनी चिनी सुया (अ‍ॅक्युपंक्चर) युरोपात लोकप्रिय केल्या, त्यांच्या लिखाणातून 'ऊर्जा' आणि 'मेरिडियन' (ची वाहण्याच्या वाहिन्या) हे दोन्ही शब्द पसरले. मी रसायनशास्त्र शिकवते, ऊर्जा जूलमध्ये मोजते, म्हणून मला तो शब्द खुपतो. ग्रंथात ची अनेक प्रकारची आहे. बाहेरच्या अंगाने फिरून पहारा करणारी 'वेइ-ची', रक्तवाहिन्यांच्या आतून पोसणारी 'यिंग-ची', जन्मासोबत आलेली 'युआन-ची'. पहारा, पोषण, पुंजी अशी ही कामं आहेत. प्राण, अपान, व्यान या मांडणीशी तुलना जास्त शोभेल, पण 'ची म्हणजेच प्राण' असं मी म्हणणार नाही.

अश्वत्थ

मी आयुर्वेदाचा वैद्य, सांगली भागात तीस वर्षं व्यवसाय. धागा आवडला, विशेषतः वू-शिंग म्हणजे महाभूतं नव्हेत हे ठामपणे लिहिल्याबद्दल. आमच्या परिषदांमध्येही दोन्ही एकच म्हणून सांगणारे भेटतात.

दोन गोष्टींची भर घालतो. चवी त्यांच्याकडे पाच, आपल्याकडे सहा. आपला तुरट त्यांच्या पाचांत स्वतंत्र नाही, त्याला ते आंबटाच्या पंगतीत बसवतात. आणि नाडी. लोक समजतात की चरकापासून वैद्य नाडी बघत आलेत. बृहत्त्रयीत (चरक, सुश्रुत, वाग्भट) नाडीपरीक्षा नाही, ती ठळकपणे येते शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे तेरावं-चौदावं शतक. आपण मनगटावर तीन बोटांखाली वात, पित्त, कफ बघतो. ते लोकही तीनच बोटं ठेवतात, पण दोन्ही हातांवर, आणि प्रत्येक बोटाखाली वेगळा अवयव वाचतात ना?

रानजाई

हो अश्वत्थकाका. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड, उजव्याला फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. या तीन जागांना छुन, क्वान, छ्र म्हणतात. हलकं दाबून एक वाचन, खोल दाबून दुसरं. ली शिचनच्या 1564 च्या नाडीग्रंथात 27 प्रकारच्या नाड्या आहेत. वर्गात आम्ही एकमेकींच्या नाड्या बघितल्या. शिक्षिकेला जी 'तारेसारखी ताणलेली' लागली ती मला नुसती जोरात लागली. बोट तयार व्हायला वर्षं जातात, हे तुम्ही जास्त जाणता.

औषधी_अणू

मी औषधशास्त्र शिकवतो. लेख प्रामाणिक आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहितो. 'अवयव म्हणजे पद' हा खुलासा वाचायला सुंदर आहे, पण त्यात एक धोका आहे. सिद्धांत शरीराशी जुळला नाही की "ते रूपक होतं" म्हणायचं, आणि उपचार करताना मात्र ते खरं मानायचं, असं होऊ नये. अ‍ॅक्युपंक्चरचे मार्ग म्हणून सांगितलेल्या वाहिन्या शरीररचनेत सापडलेल्या नाहीत. जर्मनीत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत कंबरदुखीचे 1162 रुग्ण होते. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्क्यांना. म्हणजे सुईने काहीतरी होतं, पण कुठे टोचली याने जवळजवळ काही बिघडलं नाही. बिंदूंच्या सिद्धांताला हा मोठा धक्का आहे.

रानजाई

मान्य. तुमचा धोक्याचा मुद्दा मी वर्गात विचारलाही होता, समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

वाहिन्यांबद्दल एक इतिहास सांगते, तो तुमच्या बाजूचाच आहे. हुनानमधल्या छांगशाजवळ मावांगदुई इथे 1973 साली एक थडगं उघडलं, ते इसवी सन पूर्व 168 मध्ये बंद झालेलं. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर निघाले. तिथे वाहिन्या अकराच आहेत, बारा नाहीत. टोचायचे बिंदू नाहीत, आणि उपचार सुयांचा नाही, दवण्याच्या जातीची वनस्पती जाळून शेक देण्याचा आहे. म्हणजे आज भिंतीवर टांगलेला बारा मुख्य वाहिन्या, जोडीला आणखी दोन आणि 361 बिंदू असा तक्ता कुणाला साक्षात्काराने मिळाला नाही. पिढ्यांनी तो वाढवला, वाद घातले, खाडाखोड केली. मला हे फार मोलाचं वाटतं. "पाच हजार वर्षं अखंड, अचल परंपरा" या जाहिरातीपेक्षा ही माणसं मला जास्त जवळची वाटतात.

आज शिकवतात तो नेटका अभ्यासक्रमही तसा ताजा. 1929 साली नानजिंग शहरातल्या तेव्हाच्या चिनी सरकारपुढे हे वैद्यक बंदच करावं असा प्रस्ताव होता, वैद्यांनी देशभर विरोध करून तो हाणून पाडला. पुढे 1956 मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे पहिली चार महाविद्यालयं निघाली. पाठ्यपुस्तकं लिहायची तर परस्परविरोधी मतांना एका ओळीत बसवावं लागलं. मी बारा शनिवारांत शिकले ते या बसवलेल्या ओळीचं पहिलं पान.

सोलापूरकर

आमच्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण झाल्याशिवाय राहवत नाही. 1938 साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. युद्धात शस्त्रक्रिया करता करता 1942 च्या डिसेंबरात तिथेच गेले, वय अवघं बत्तीस. ते आधुनिक वैद्यकाचे, सुयांशी त्यांचा संबंध नाही. पण त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू पन्नासच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन भारतात ते रुजवलं.

औषधी_अणू

सोलापूरकर, बसूंचं माहीत नव्हतं, आभार.

रानजाईंच्या धाग्यात आर्टेमिसिनिन यायलाच हवं, तर मीच लिहितो. मलेरियावरच्या औषधासाठी चीनने 1967 च्या 23 मे रोजी प्रकल्प सुरू केला, त्याचं नाव त्या तारखेवरून '523'. थू योयो या संशोधिकेच्या गटाने जुने ग्रंथ चाळले. छिंग-हाव या वनस्पतीचे अर्क कधी चालत, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या ग हुंगच्या ग्रंथातली ओळ सापडली: मूठभर छिंग-हाव पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळायला सांगितलेलंच नाही! थू यांना शंका आली की उष्णतेने गुण जातोय. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि 1971 च्या ऑक्टोबरात 191 क्रमांकाचा नमुना उंदरांच्या मलेरियावर पूर्ण उतरला. 2015 चं नोबेल त्यासाठीच. यात यिन-यांग कामी आलं नाही. कामी आली ती कुणीतरी नीट बघून नीट लिहून ठेवलेली कृती.

दुसरी बाजूही सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत फांग-ची या मुळाऐवजी नावसाधर्म्यामुळे ग्वांग-फांग-ची, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया गेलं. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे अनेकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. याच कुळातली वनस्पती आपल्याकडे सापसंद म्हणून ओळखतात.

अश्वत्थ

सापसंदाबद्दल बरं केलंत लिहून. आमच्याकडे गावात अजून मुळी उगाळून देणारे आहेत. मी भेटेल त्याला थांबवतो.

कातळसडा

कोकणातून लिहितोय. खवले मांजर आमच्या रानातलं. त्याच्या खवल्यांची तस्करी होते, गिऱ्हाईक शेवटी याच वैद्यकातलं. लहानपणी रात्री बागेत मी एक पाहिलं होतं, वारुळ उकरत होतं. माझ्या मुलांनी अजून पाहिलेलं नाही. सिद्धांत कितीही सुंदर असू दे, मला आधी तेच दिसतं.

रानजाई

कातळसडा, तुमचा राग रास्त आहे. खवल्यांना ग्रंथात 'अडलेलं मोकळं करणारं' म्हणून जागा मिळाली, दूध उतरावं म्हणून बाळंतिणीला देत. 2020 मध्ये चीनने खवले अधिकृत औषधकोशाच्या यादीतून काढले, गेंड्याच्या शिंगावर तर 1993 पासून बंदी आहे. आमच्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की अडलेलं मोकळं करायला वनस्पती भरपूर आहेत, खवल्यांचं नाव काढायचं नाही. पण यादीतून काढलं म्हणजे बाजार संपला असं नाही, हे मलाही ठाऊक आहे.

सायली_सिंगापूर

नेहमी वाचनमात्र असते, आज विचारते. आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. तिचा गुडघा दुखतो म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मायेने एक काढा आणून दिला. त्यात तान-शन आणि तांग-क्वेइ या मुळ्या आहेत म्हणाल्या. "रक्त हलतं करणारं" आहे म्हणे. आई चार दिवस घेतेय. धाग्यात वाचलं की लक्षणांची ठेवण बघून देतात, इथे तर कुणी नाडीही बघितली नाही. हरकत नाही ना?

औषधी_अणू

सायली, आई हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? लगेच सांगा.

सायली_सिंगापूर

हो, वॉरफरिन. झडपेचं ऑपरेशन झालंय.

औषधी_अणू

मग काढा आत्ताच थांबवा. तान-शन आणि तांग-क्वेइ, दोन्हींनी वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, झडपेसाठी ती लागतेच. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून काढ्याचं सांगा आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी चाचणी) तपासा. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच, जोराची डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर थेट आपत्कालीन विभाग.

रानजाई

सायली, अणूसर म्हणतात तसंच कर. आणि काकूंना रागावू नकोस, त्यांनी जीव लावूनच दिलं. पण 'रक्त हलतं करणारं' औषध रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्याला देऊ नये, हे त्यांच्याच परंपरेत शिकवतात. नाडी बघायला बसलेल्या वैद्याने आधी आईच्या गोळ्या विचारल्या असत्या.

सायली_सिंगापूर

काल दुपारी रक्त दिलं. आयएनआर 4.6 आला, एरवी तीनच्या आत असतो. डॉक्टरांनी वॉरफरिनचा एक डोस वगळायला सांगितला, शुक्रवारी पुन्हा तपासणी. दंडावर एक निळा डाग होता, तो आम्हाला पिशवी लागल्याचा वाटला होता. काकूंना सांगितलं तेव्हा त्या खूप वेळ आईचा हात धरून बसल्या. आता रोज संध्याकाळी त्या नुसती गरम पेज घेऊन येतात.